कलमाचा चाकू, त्याचा लॉक आणि परतीचे सात दिवस

पार्श्वभूमी

तासगाव तालुक्यातल्या १२ द्राक्षबागायतदारांच्या एका गटानं कलमांच्या हंगामाच्या तोंडावर २० घडीचे चाकू मागवले. गावाची, माणसांची आणि विक्रेत्याची नावं इथं गाळली आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेले डॉगरीज जातीचे खुंट (ज्यांवर द्राक्षाची काडी बसवतात ते) ऑगस्टपर्यंत ८ ते १० मिमी जाडीचे होतात आणि मग त्यांवर पाचर कलम भरलं जातं. खुंट आडवा छाटायचा, मधोमध ३ ते ४ सेंमी खोल चीर द्यायची, दोन डोळ्यांच्या काडीला तेवढ्याच लांबीची पाचर काढायची, ती चिरेत बसवून पट्टीनं आवळायची. कारागीर दिवसभर हेच करतो, त्याला मजुरी कलमामागं मिळते, आणि या बागेतून त्या बागेत तो मोटारसायकलवरून फिरतो. म्हणून चाकू खिशात मावणारा, घडीचा लागतो.

जुन्या कारागिरांकडं असतो तो बिनलॉकचा चाकू. त्यात पाठीच्या पट्टीचा ताण पात्याला उघडं धरतो, पण जोर लावला की पातं मिटतं. गटातल्या तरुण सभासदांना लॉकवाला चाकू हवा होता. निवडला तो लायनर लॉकचा, म्हणजे उघडल्यावर मुठीच्या आतली पट्टी (लायनर) पात्याच्या मुठीतल्या टोकाखाली, बुडाखाली, सरकून त्याला मिटू देत नाही असा: पातं ७५ मिमी लांब, २.५ मिमी जाड, स्टेनलेसचं; मुठीच्या आत दोन्ही बाजूंना १.२ मिमीच्या पोलादी पट्ट्या. पिव्हटवर, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळ्यावर, नायलॉनचे वॉशर. स्क्रू स्टार खाचेचे, पिव्हटचा टी-८ आणि मुठीचे टी-६ मापाचे. माल पोचल्यापासून सात दिवसांत परत करण्याची मुभा होती. नमुन्याचा एक चाकू आधी मागवून पाहावा, हे कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं तरी हंगामाच्या घाईत मागं पडलं.

अडचण

पेटी उघडली त्याच संध्याकाळी एका वयस्क कारागिरानं चाकू उघडला, मूठ डाव्या हातात धरली, पात्याचं टोक चिमटीत पकडून डावं-उजवं हलवलं आणि खाली ठेवला. गटाच्या सचिवाला म्हणाला, “दादा, ह्यो हलतोय. माझा जुना बी हलतो, पर त्यो मिटणार हे मला ठावं हाय. ह्याचं काय सांगावं?”

प्रश्न नेमका होता. लॉक नसलेला चाकू माणूस जपून वापरतो. लॉक आहे म्हटल्यावर बोटं निर्धास्त होतात, आणि तो लॉक अर्धवट धरणारा असेल तर तो नसलेलाच बरा.

पुढच्या तासाभरात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींची किंमत नंतर मोजावी लागली. एका सभासदानं हाताशी असलेल्या बिटनं (स्क्रू फिरवायच्या टोकानं) तीन चाकूंचे पिव्हट स्क्रू आवळले. बिट नीट बसत नव्हतं, त्यामुळं एका स्क्रूची खाच चेपली. दुसऱ्यानं लॉकची परीक्षा म्हणून दोन चाकू उघडून त्यांची पाठ ओट्याच्या कडेवर आपटली. एक मिटला, एक टिकला. टिकलेला चांगला आणि मिटलेला वाईट, असं तिथल्या तिथं ठरूनही गेलं.

हलतंय म्हणजे नक्की काय

इथं थोडं थांबायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय याच समजुतीवर उभे राहिले.

उघडलेल्या पात्याला तीन आधार असतात. मधून जाणारा पिव्हट, पात्याच्या बुडाला पाठीकडून अडवणारी स्टॉप पिन, आणि बुडाच्या खाली सरकून उभी राहणारी लायनरची कड, म्हणजे लॉक. कापताना धारेवर येणारा जोर पात्याला आणखी उघडायला बघतो. तो स्टॉप पिन पेलते. लॉकवर त्याचा काही भार येत नाही. त्यामुळं काडीला पाचर काढताना लॉक चांगला की वाईट हे कळतच नाही.

लॉकवर भार येतो तो उलट जोर लागला की. चीर देताना पातं लाकडात अडकतं आणि कारागीर मूठ वर उचलून ते सोडवायला बघतो. लाकूड पात्याला धरून ठेवतं, मूठ वर जाते, म्हणजे चाकू मिटण्याच्या दिशेनं ओढला जातो. काही जण पातं खोल जावं म्हणून त्याच्या टोकाजवळ पाठीवर कात्रीच्या मुठीनं ठोकतात. तोही मिटवणाराच जोर. आणि चीर फाकवायला मनगट पिळलं, तर भार पिव्हटवर आडवा येतो. पिळण्यानं लायनर लॉकमध्ये आणखी एक धोका असतो: मूठ किंचित वाकते आणि लायनर आपल्या जागेवरून सरकू लागतो.

म्हणून हलण्याचे दोन प्रकार वेगळे धरावे लागतात. डावी-उजवी हालचाल पिव्हट आणि वॉशरांमधल्या फटीमुळं होते. वॉशर साधारण १० मिमी व्यासाचा, तिथं ०.०३ मिमीची फट असली तरी पिव्हटपासून ६० मिमीवर ती सुमारे ०.१८ मिमी दिसते. हाताला ती स्पष्ट लागते, पण स्क्रू थोडा आवळला की बहुतेक वेळा जाते. खाली-वर हालचाल मात्र स्टॉप पिन, बूड आणि लॉक यांच्या घडणीतली. लॉकची कड पिव्हटपासून जेमतेम ६ मिमीवर, त्यामुळं तिथली फट ६० मिमीवर दहा पट दिसते. हेच गणित उलट केलं तर त्याच जागी पाठीवर ५ किलोचा जोर म्हणजे लॉकच्या कडेवर ५० किलो. पिव्हटचा स्क्रू कितीही फिरवा, ही ढिलाई जात नाही. फार आवळल्यावर पातं जड होतं आणि ढिलाई हाताला कमी जाणवते, एवढंच. पहिल्या संध्याकाळी आवळलेल्या तीन चाकूंपैकी एकाच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

पर्याय

सचिवापुढं चार वाटा होत्या. सगळा माल परत पाठवणं सोपं होतं, पण नवा माल येईपर्यंत कलमाचे दिवस हातचे गेले असते. सगळे आवळून वाटून टाकावेत, असा दोघातिघांचा आग्रह होता. खाली-वर हलणारा चाकूही त्यात खपून गेला असता. लॉकवाल्या चाकूचा नादच सोडावा आणि जुने बिनलॉकचे वापरावेत, हे कारागिराचं मत, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पण नव्या पोरांना बिनलॉकच्या चाकूची सवय नव्हती. चौथी वाट एकेक चाकू तपासून निवडण्याची. तीत दोन दिवस जाणार होते आणि मोजायला साधन हवं होतं. कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करणारा एक मिस्त्री सभासदाच्या नात्यातला निघाला. त्याच्याकडं व्हाइस (वस्तू आवळून धरणारा शिकंजा), चुंबकी स्टँडवरचा डायल गेज (बारीक हालचाल सुईनं दाखवणारं साधन) आणि स्प्रिंगचा काटा होता. चौथी वाट धरली गेली ती बरीचशी या योगायोगामुळं.

आपटून बघणं मिस्त्रीनं पहिल्या झटक्यात बंद केलं. आपटताना मूठ धरणाऱ्या हाताला धक्का बसतो आणि चांगला लायनरही क्षणभर उडू शकतो; उलट वाईट लॉक एखाद्या आपटीत टिकून जातो. शिवाय प्रत्येक आपटीनं बुडाची कड थोडी चेपते. म्हणजे तपासणीच चाकू बिघडवते, आणि सोबत बोटंही धोक्यात.

तपासणी कशी केली

आधी सफाई. नव्या चाकवाला कारखान्यातलं तेल माखलेलं असतं. पिव्हटमधलं घट्ट तेल हालचाल दाबून ठेवतं आणि लॉकच्या कडेवरचं तेल लायनरला घसरवतं. दोन्ही बाजूंनी फसगत होते. चाकू न खोलता, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशनं लॉकची कड, बूड आणि पिव्हटभोवतीची फट धुतली, कोरडं केलं. मग प्रत्येक चाकू ५० वेळा उघड-मीट केला, कारण नवे वॉशर थोडे बसतात आणि पहिली ढिलाई त्यानंतरच खरी कळते. धारेवर सुरुवातीलाच मास्किंग टेपचे दोन थर दिले होते. हे काम विसरलं जातं आणि मग अंगठा कापतो.

मिटलेला चाकू उजेडात धरून पातं दोन पट्ट्यांच्या मधोमध आहे का पाहिलं. एका बाजूला झुकलेलं पातं म्हणजे दोष असेलच असं नाही, पण ते पट्टीला घासत असेल तर बाजूला काढायचं. मग चाकू उलटा धरून झटकला: पातं आपोआप बाहेर आलं तर लायनरवरची छोटी गोळी त्याला नीट धरत नाही. खिशात ठेवायच्या चाकवाला ही चाचणी लॉकइतकीच महत्त्वाची.

त्यानंतर लॉक किती बसतो ते. चाकू एकदा हळू उघडला, एकदा झटक्यानं, आणि दोन्ही वेळा लायनर बुडाखाली किती सरकला ते पाहिलं. बुडाच्या जाडीच्या साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा, एवढा बसला तर ठीक. हळू उघडल्यावर जेमतेम कडेला टेकणारा आणि झटक्यानं मात्र खोल जाणारा लायनर संशयास्पद, कारण बागेत कुणी दरवेळी झटका देत नाही. पलीकडच्या पट्टीला जाऊन भिडलेला लायनर म्हणजे त्याला पुढं झिजायला जागाच उरलेली नाही.

बुडाच्या लॉककडच्या बाजूला काळ्या मार्कर पेननं रंग दिला आणि चाकू दहा वेळा उघडला. रंग कुठं घासला जातो त्यावरून टेकण्याची जागा कळते. ती पिव्हटपासून लांबच्या कडेला हवी; तिथं तरफ मोठी मिळते. पिव्हटजवळ टेकला तर पातं त्या बिंदूवर डुलतं. या एका पेननं जे दिसलं ते डायल गेजनं नुसतं आकड्यात सांगितलं, असं म्हटलं तरी चालेल.

मोजण्यासाठी मूठ व्हाइसमध्ये लाकडी फळ्यांच्या मधे, पिव्हटच्या शक्य तितक्या जवळ धरली. पिव्हटपासून ६० मिमीवर डायलची सुई टेकवली आणि काट्यानं ओढलं. सुरुवातीला आडव्या दिशेला १ किलो लावला, आणि चांगले वाटणारे चाकूही पाव मिमीच्या पुढं गेले. कारण उघड होतं: २.५ मिमीचं पातं १ किलोला स्वतःच एका बाजूला दीड दशांश मिमीच्या आसपास वाकतं. मग २०० ग्रॅमवर आले. ढिलाई असेल तर एवढ्यात सगळी संपते. सुई उडी मारते आणि थांबते. पात्याचं वाकणं मात्र जोराच्या प्रमाणात वाढत राहतं. हाताने तपासणाऱ्यानंही हेच लक्षात ठेवावं: टोक धरून जोरात हलवू नये, पिव्हटजवळ धरून हलक्या हातानं ‘टक’ लागतं का बघावं.

मर्यादा त्यांनी स्वतः ठरवल्या, त्या कुठल्या मानकातल्या नव्हेत: २०० ग्रॅमला आडवी हालचाल एकूण ०.२ मिमीपर्यंत चालेल. खाली-वरही तेवढीच, पण हाताला टक लागला तर आकडा काहीही असो, बाद. शेवटी पाठीकडून मिटण्याच्या दिशेनं काट्यानं सावकाश ५ किलोपर्यंत ओढायचं, आणि तो ताण असतानाच मूठ थोडी पिळून लायनर सरकतो का पाहायचं. बोटं पात्याच्या वाटेत नाहीत, म्हणून ही चाचणी आपटण्यापेक्षा बरी; जोर किती लावला तेही कळतं.

निर्णय आणि कृती

२० पैकी ११ चाकू जसेच्या तसे उतरले. ५ मध्ये फक्त आडवी ढिलाई होती. नीट बसणारं टी-८ बिट आणून पिव्हट एक अष्टमांश फेऱ्यानं आवळला, चार सुधारले. पाचव्याचं पातं ढिलाई जायच्या आधीच जाम झालं, म्हणजे दोन्ही बाजूंचे वॉशर सारखे नव्हते किंवा पिव्हटचं भोक सैल होतं. तो खोलून बघायचा मोह मिस्त्रीलाही झाला, पण खोललेला चाकू परत जाणार नाही म्हणून ठेवून दिला. ३ चाकवांमध्ये खाली-वर टक लागत होता. त्यातल्या दोहोंचा रंग पिव्हटजवळ घासलेला, तिसऱ्याचा लायनर पलीकडच्या पट्टीला भिडलेला. एकाचा लॉक ३ किलोच्या आसपास सरकला. दुसऱ्यांदा स्पिरिटनं पुसून पाहिलं, तेव्हाही तसंच.

गंमत म्हणजे ओट्यावर आपटून मिटलेला चाकू या तपासणीत पूर्ण उतरला. टिकलेला तो खाली-वर हलणाऱ्या तिघांपैकी एक निघाला. आपटण्याआधीच तो हलत होता की आपटल्यानं बुडाची कड बसली, हे आता सांगता येण्यासारखं नव्हतं.

सहाव्या दिवशी ५ चाकू परत पाठवले. सोबत प्रत्येकाचा फोटो आणि दोष एका ओळीत. विक्रेत्यानं चार बदलून दिले. पाचव्याच्या पिव्हट स्क्रूची खाच चेपलेली होती. ‘उघडलेला माल’ म्हणून तो नाकारला. हा पहिल्या संध्याकाळी आवळलेला, खाली-वर हलणारा चाकू. त्याचं पातं कायमचं उघडं राहील असं करावं, बुडातून आरपार पिन मारावी, अशी सूचना आली. पण कडक केलेल्या पोलादात साधं ड्रिल चालत नाही, आणि तापवून मऊ केलं तर धारेचं पाणी जातं. तो चाकू बाद केला.

आवळलेल्या चार पिव्हटांना निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारं चिकट द्रव्य, लावायचं ठरलं, परतीची मुदत संपल्यावर. लाल वापरायचं नाही. ते उष्णता दिल्याशिवाय सुटत नाही आणि टी-८ ची खाच त्याआधी चेपते. थेंब स्क्रूच्या आट्यांवर, टाचणीच्या टोकानं. जास्त झालं तर ते वॉशरमध्ये उतरतं आणि पातं चिकटतं. नंतर पिव्हटमध्ये हलक्या तेलाचा एक थेंब, लॉकच्या कडेला कोरडं.

परिणाम

कलमाच्या हंगामात चाकू मिटून कुणाला इजा झाली नाही. यावरून तपासणीचं श्रेय किती, हे ठरवता येत नाही. जुन्या बिनलॉकच्या चाकवांनीही अनेक हंगाम तसेच काढलेले आहेत. मात्र न सांगता दोन अडचणी आल्या.

पहिली, पंधरवड्यानं तीन चाकू पुन्हा आडवे हलू लागले, आणि ते आवळलेल्या चारांपैकी नव्हते. ‘जसेच्या तसे’ उतरलेल्या ११ मधले होते. स्पिरिटच्या धुण्यात त्यांच्या आट्यांवरचं जे काही होतं ते सुटलं असावं, आणि त्यांना थ्रेडलॉकर लावायला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी जास्त गंभीर. खुंटाचा चीक आणि माती लॉकच्या कडेवर साचून लायनर पूर्वीइतका खोल बसेना. एका मुलाचा चाकू उघडल्यावर ‘टिक’ आवाज यायचा पण लायनर अगदी काठावर. जेवणाच्या सुट्टीत कारागिराला ते दिसलं. त्यानंतर रोज संध्याकाळी जुन्या टूथब्रशनं कड घासायची आणि उघडलेल्या चाकवाकडं उजेडात एकदा पाहायचं, असा रिवाज पडला. आवाजावर भरवसा ठेवायचा नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नमुना आधी मागवणं हे पहिलं, पण त्यानं सगळं सुटलं नसतं. एकाच पेटीतल्या २० चाकवांत इतका फरक होता, की नमुन्याचा एक चाकू चांगला निघण्याची शक्यताच जास्त होती. खरेदीच्या पत्रात अटी लिहिल्या असत्या तर जास्त उपयोग झाला असता: लायनर किती बसावा, खाली-वर टक नसावा, पिव्हट आवळून पाहिल्यानं परतीचा हक्क जाणार नाही. ही शेवटची अट नसल्यामुळं एक चाकू अंगावर पडला.

पेटी उघडल्यावर पहिला दिवस फक्त पाहण्याचा ठेवायला हवा होता. स्टार बिट स्वस्त मिळतं. ते नसताना स्क्रूला हात लावणं महाग पडलं. आणि आधी आवळून मग तपासल्यामुळं त्या तीन चाकवांची मूळ स्थिती कधीच कळली नाही.

मिस्त्रीचं मत आणखी पुढचं होतं. चीर देणं हे घडीच्या चाकूचं कामच नव्हे, असं तो म्हणाला. पातं अडकणार, मूठ उचलली जाणार, पिळ बसणार; लॉकवर भार येणारी सगळी कामं त्या एका कृतीत आहेत. चिरेसाठी न मिटणारा छोटा चाकू कमरेच्या म्यानात आणि पाचरीसाठी घडीचा खिशात, असे दोन ठेवावेत. कारागिरांना ते पटलं नाही. कलमामागं मजुरी घेणाऱ्याला दरवेळी हत्यार बदलणं परवडत नाही, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. गटानं पुढच्या हंगामासाठी चार म्यानातले चाकू घेऊन नव्या मुलांना द्यायचे आणि जुन्यांना त्यांच्यावर सोडायचं, एवढंच ठरवलं. वयस्क कारागिरानं नवा चाकू घेतला. पाचर काढायला तो वापरतो, चीर मात्र अजून जुन्या बिनलॉकच्यानंच देतो.